लंडन प्राणिसंग्रहालयातील महाकपिगृहे

लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात गोरिला, चिंपांझी आणि ओरँगउटान यांच्यासाठी १८३० च्या दशकापासून बांधलेली, बदललेली आणि मोडीत काढलेली निवासस्थाने. महाकपी म्हणजे माकड नव्हे. त्याला शेपूट नसते, मेंदू मोठा असतो, पिल्लू आईजवळ कित्येक वर्षे राहते आणि माणसाचे बरेचसे रोग त्याला होतात. हे प्राणिसंग्रहालय लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने १८२८ मध्ये सुरू केले. सर्वसामान्यांसाठी ते १८४७ पासून खुले झाले. महाकपींसाठी येथे दर पिढीत नवा आराखडा झाला. प्रत्येक वेळी घर प्राण्यापेक्षा जास्त टिकले, पण त्या घरामागची समजूत त्याआधीच जुनी झालेली असे.

जिराफांच्या घरातली पाहुणी

पहिला चिंपांझी टॉमी १८३५ मध्ये आला आणि जेमतेम सहा महिने जगला. १८३७ च्या नोव्हेंबरात जेनी नावाची ओरँगउटान आली. तिला जिराफांच्या घरात ठेवले होते, कारण ऊब देण्याची सोय तेथेच होती. चार्ल्स डार्विनने तिला २८ मार्च १८३८ रोजी तेथेच पाहिले. प्राणिपालाने सफरचंद दाखवले आणि दिले नाही, तेव्हा जेनी उताणी पडून हातपाय झाडत हट्टी मुलासारखी रडू लागली, असे त्याने बहिणीला कळवले. पुढच्याच वर्षी ती मेली. तिच्यानंतर आलेल्या ओरँगउटानचे नावही जेनीच ठेवले. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने ही दुसरी जेनी पाहिली आणि तिचे माणसासारखे दिसणे राणीला क्लेशदायक वाटले.

त्या काळी घर बांधताना एकच विचार होता : थंडी लागू द्यायची नाही. म्हणून शेगडी, बंद खिडक्या आणि कोंदट हवा. प्राणी मात्र खोकून मरत. क्षय आणि इतर श्वसनरोग प्रेक्षकांकडून येतात ही जाणीव फार उशिरा झाली.

१९३३ चे गोल घर

ती जाणीव ज्या इमारतीत पहिल्यांदा नीट उतरली, ते बर्थोल्ड ल्युबेत्किन आणि त्यांच्या टेक्टन या वास्तुकारगटाचे गोरिलागृह. मोक आणि मोइना या काँगोतून आलेल्या जोडीसाठी ते १९३३ मध्ये पूर्ण झाले. वरून पाहिले तर पूर्ण वर्तुळ. अर्धा भाग काँक्रीटचा बंदिस्त निवारा, अर्धा भाग जाळीचा पिंजरा. उन्हाळ्यात गोरिला जाळीच्या भागात. हिवाळ्यात अर्धगोलाकार सरकती भिंत फिरवून उघडी बाजू बंद करायची, म्हणजे प्रेक्षक छपराखाली येत आणि गोरिला काचेपलीकडे राही. आतल्या हवेची ऊब आणि शुद्धता यंत्राने राखली जाई. सर्दी झालेला प्रेक्षक आणि गोरिला यांच्यात काच असलीच पाहिजे, हा मुद्दा तेव्हा नवा होता. तो आजही खरा आहे : जानेवारी २०२१ मध्ये सॅन दिएगोच्या सफारी पार्कमधील गोरिलांना कोविड झाला.

वास्तुकलेच्या दृष्टीने ही ब्रिटनमधील आधुनिक शैलीच्या अगदी पहिल्या इमारतींपैकी एक. प्राण्याच्या दृष्टीने ती गुळगुळीत भिंतींची खोली होती. चढायला थोडे, लपायला काहीच नाही, पायाखाली धुता येईल असा कठीण पृष्ठभाग. आणि घर एका जोडप्याच्या मापाचे! कळप वाढला तर काय करायचे, दोघांचे पटले नाही तर एकाला कोठे हलवायचे, याला आराखड्यात उत्तर नव्हते. १९३८ मध्ये मोक मेला. पुढच्या वर्षी युद्ध सुरू झाले तेव्हा संस्थेने ओरँगउटान, चिंपांझी, हत्ती आणि महापांडा बेडफर्डशरमधील व्हिप्स्नेडच्या आवारात हलवले.

युद्धानंतर या गोल घरात निरनिराळे प्राणी राहून गेले. ते मोडताही आले नाही, कारण त्याला पहिल्या श्रेणीच्या संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. भिंत पाडून खिडकी मोठी करणे किंवा बाहेरून जोडखोली काढणे यासाठी परवानगी लागते, आणि ती सहसा मिळत नाही. गोरिलासाठी बांधलेल्या घरात गोरिला ठेवता येत नाही, आणि दुसरे काही बांधण्यासाठी जागाही मोकळी होत नाही. अवघ्या ३६ एकरांत बसलेल्या प्राणिसंग्रहालयाला ही अडचण चांगलीच जाचते.

गाय आणि सोबेल पॅव्हिलियन

५ नोव्हेंबर १९४७ रोजी पॅरिसहून एक छोटा नर गोरिला आला. त्या रात्री इंग्लंडभर, पार्लमेंट उडवण्याच्या जुन्या कटातल्या गाय फॉक्सच्या नावाने फटाके उडतात, म्हणून त्याचे नाव गाय. त्याच्या बदल्यात पॅरिसला कलकत्त्याचा एक वाघ मिळाला होता. गाय तीस वर्षे लंडनचा लाडका राहिला. पिंजऱ्यात चिमणी शिरली तर तो ती ओंजळीत उचलून, निरखून, सोडून देई, असे त्याच्याविषयी नेहमी सांगितले जाते. मात्र त्यातली बहुतेक वर्षे त्याने एकट्याने काढली. लोमी ही मादी त्याच्या सोबतीला आणली, तोपर्यंत तो विशीच्या पलीकडे गेला होता. पिल्ले झाली नाहीत. ८ जून १९७८ रोजी दातांवरील शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयक्रिया बंद पडून तो मेला. प्रेक्षक लाडाने फेकत असलेल्या गोड खाऊने दात किडतात, हे सगळ्यांना ठाऊक होते. फेकणे मात्र थांबवले जात नव्हते.

याच काळात, १९७२ मध्ये, जॉन टूवी यांनी आखलेले मायकेल सोबेल पॅव्हिलियन खुले झाले. त्यात महाकपी आणि माकडे एकाच संकुलात आणली. आतली खोली, बाहेरचा पिंजरा, मध्ये सरकते दार, हा गाळा पुन्हा पुन्हा जोडत नेलेला. पूर्वीपेक्षा जागा मोठी होती आणि प्राण्यांना वेगळे करण्याची सोय होती. पण पाया काँक्रीटचाच. १९२६ पासून चालत आलेला ‘चिंपांझींचा चहा’ हा खेळ, म्हणजे कपडे घातलेल्या पिल्लांना टेबलाशी बसवून प्रेक्षकांना हसवणे, त्याच वर्षी बंद झाला. ही पिल्ले मोठी झाल्यावर आपल्या जातीच्या कळपात मिसळत नसत. त्यामुळे पुढच्या पिढीच्या प्रजननाला या चहाची जबर किंमत मोजावी लागली.

काँक्रीटकडून मातीकडे

१९७० च्या दशकात दोन ठिकाणांनी महाकपिगृहाची कल्पनाच बदलली. इंग्लंडमध्ये केंटमधील हाउलेट्स या खासगी प्राणिसंग्रहालयात त्याचे मालक जॉन ॲस्पिनॉल यांनी गोरिलांना गवताच्या जाड थरावर ठेवले. थर खोल असला की मूत्र खाली झिरपते, वरचा भाग कोरडा राहतो. त्यात विखुरलेले दाणे शोधण्यात प्राण्याचा दिवस जातो. रोज पाइपने धुतलेल्या ओल्या फरशीपेक्षा असा थर अधिक निरोगी ठरतो, हे पटायला मात्र वेळ लागला. दुसरे ठिकाण अमेरिकेतील सिॲटलचे वुडलँड पार्क. जोन्स अँड जोन्स या भूदृश्य-रचनाकारांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथे गोरिलांसाठी झाडाझुडपांचा, उंचसखल, ओढा असलेला भाग केला. झाडे उपटून खातील, फांद्यांवरून निसटतील, ही भीती तेव्हा व्यक्त झाली होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. तेथील किकी हा नर चढून बाहेर आलाच. तरी पद्धत टिकली.

या बदलामागे अन्नाचाही हिशेब आहे. रानातला गोरिला जागेपणाचा मोठा भाग पाने, कोंब आणि साली खाण्यात घालवतो. प्राणिसंग्रहालयात पूर्वी पिष्टमय बिस्किटे आणि गोड फळे दिली जात. ती काही मिनिटांत संपतात. मग प्राणी खाल्लेले उलटून परत खात बसतो. क्लीव्हलँडच्या प्राणिसंग्रहालयाने दोन नरांची बिस्किटे बंद करून पालेभाजी आणि डहाळ्या सुरू केल्या. प्रत्येकाला दिवसाला चार-पाच किलो. ही उलटून खाण्याची खोड गेली आणि प्रत्येकाचे वजन सुमारे ३० किलोंनी उतरले. आराखड्यावर याचा परिणाम सरळ आहे. डहाळ्या साठवायला थंड खोली लागते, पाने वरून जाळीतून टाकता यावीत असे छत लागते, आणि उष्टी लाकडे रोज बाहेर काढायला हातगाडीच्या रुंदीचे दार लागते. कागदावरच्या सुंदर आराखड्यात नेमके हे दार विसरले जाते.

गोरिला किंगडम

१९९० च्या दशकारंभी लंडनचे प्राणिसंग्रहालय पैशाअभावी बंद पडण्याच्या बेतात होते, त्यामुळे मोठी बांधकामे लांबली. शेवटी सोबेल संकुलाचे रूप बदलून ‘गोरिला किंगडम’ उभे राहिले आणि २९ मार्च २००७ रोजी खुले झाले. खर्च सुमारे ५३ लाख पौंड. पाण्याच्या खंदकाने वेढलेले बेट, त्यावर गवत आणि झाडे, काचेमागे चढण्या-लोंबकळण्याची सोय असलेली आतली जागा, आणि प्रेक्षकांना न दिसणारे रात्रीचे पिंजरे. राहायला आले ते पश्चिमेकडील सखल प्रदेशातले गोरिला. चिंपांझी आता संस्थेच्या व्हिप्स्नेडच्या आवारात आहेत. एका जागी तिन्ही जातींचे महाकपी दाखवायचे, हा जुना आग्रह येथे सोडून दिला, आणि ते बरेच झाले.

खंदक, काच, दार

महाकपींना पोहता येत नाही, म्हणून पाण्याचा खंदक सोपा आणि दिसायला सुरेख वाटतो. पण पडला तर बुडतो. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातला माकोको हा गोरिला असाच मेला. म्हणून काठ उतरता ठेवावा लागतो आणि पकडून वर येण्यासाठी पाण्यात दोर किंवा जाळी लागते. कोरडा खंदक खोल असावा लागतो, आणि त्यात पडणारा गोरिलाच असेल असे नाही. १९८६ मध्ये जर्सी बेटावर पाच वर्षांचा मुलगा आत पडला तेव्हा जांबो हा नर त्याच्याजवळ शांत बसून राहिला. २८ मे २०१६ रोजी सिनसिनाटीत तीन वर्षांचा मुलगा कठड्यातून शिरून सुमारे साडेचार मीटर खाली पडला. हरांबे या १७ वर्षांच्या नराने त्याला ओढत नेले आणि हरांबेला गोळी घालावी लागली. नंतर तेथला कठडा ४२ इंच उंच केला आणि मधल्या फटी जाळीने बंद केल्या. बेशुद्ध करण्याचे औषध का वापरले नाही, हा प्रश्न तेव्हा सर्वत्र विचारला गेला. ते औषध लागू पडायला काही मिनिटे लागतात आणि सुई टोचताच चवताळलेल्या नराच्या हातात मूल असते, हे त्याचे उत्तर.

काच अनेक थर चिकटवून केलेली असते. २०१५ मध्ये ओमाहा येथे गोरिलाने धावत येऊन धडक दिली तेव्हा एकच थर तडकला, बाकीचे शाबूत राहिले. रोखून पाहणे आणि छाती बडवून दाखवणे हे नराला आव्हान वाटते. काचेची उंची आणि प्रेक्षकाची जागा ठरवताना हे ध्यानात घ्यावे लागते. प्रेक्षक किंचित खाली, प्राणी किंचित वर असला तर धडका कमी होतात. बाहेरच्या काचेला गडद छटा दिली आणि प्रेक्षकाच्या बाजूला सावली ठेवली तरीही फरक पडतो.

दारांचे काम सर्वांत कंटाळवाणे, आणि घोटाळे तेथेच होतात. नियम साधा : प्राणी आणि प्राणिपाल यांच्यामध्ये नेहमी दोन बंद दारे, आणि कुलूप लावल्यावर ओढून पाहायचे. १३ ऑक्टोबर २०१६ रोजी लंडनमधील कुंबुका हा नर कुलूप न लावलेल्या दोन दारांतून प्राणिपालांच्या भागात गेला. तेथे त्याने पाणी न घातलेले, काळ्या मनुकांसारख्या फळाचे पाच लिटर सरबत पिऊन टाकले. तेथे असलेल्या प्राणिपालाने त्याच्याशी शांतपणे बोलणे चालू ठेवले. नंतर औषधाची सुई मारून त्याला पिंजऱ्यात आणले. तो प्रेक्षकांपर्यंत पोहोचला नव्हता, कारण त्यापुढचे अडसर लागलेले होते.

कळप बदलतो तेव्हा

गोरिलांच्या कळपात पाठीवर रुपेरी केस आलेला एक प्रौढ नर आणि काही माद्या असतात. नर मेला की दुसरा आणावा लागतो, आणि कोणता आणायचा हे युरोपचा संयुक्त प्रजनन कार्यक्रम ठरवतो. लंडनमध्ये हे वारंवार घडले. तेथला नर बॉबी २००८ मध्ये मेला. त्याच्या जागी आलेला येबोआ २०१० च्या मार्चमध्ये मेला, तेव्हा मजुकू ही मादी त्याच्यापासून गाभण होती. मग डब्लिनहून केशो आला. ऑक्टोबर २०१० मध्ये जन्मलेले पिल्लू, टायनी, त्याचे नव्हते. रानातही नवा नर आधीच्या नराची पिल्ले मारू शकतो. म्हणून आईला व पिल्लाला आधी वेगळे ठेवले आणि टप्प्याटप्प्याने गाठी घडवल्या. तरी मे २०११ मध्ये झटापट झाली, टायनीचा हात मोडला आणि ते वाचले नाही. अशा वेळी घरात जाळीआडून ओळख करून देणारे कक्ष, प्रत्येक कक्षाला दोन वाटा (म्हणजे कोणी कोपऱ्यात अडकत नाही), आणि मादी जाईल पण थोराड नर जाणार नाही अशी अरुंद फट लागते. एवढे असूनही धोका उरतो.

कुंबुका २०१८ मध्ये मेला. २०२२ च्या नोव्हेंबरात टेनेरिफे बेटावरून किबुरी आला आणि २०२४ च्या सुरुवातीला मजुकू व एफी या दोघींना त्याच्यापासून पिल्ले झाली.

नर-माद्या साधारण सारख्याच संख्येने जन्मतात, कळपात प्रौढ नर मात्र एकच लागतो. म्हणून वयात येणाऱ्या नरांसाठी निव्वळ नरांचे गट करतात आणि त्यांना वेगळी घरे लागतात. भारतात याचे उदाहरण म्हैसूरचे. १९९५ मध्ये डब्लिनहून तेथे आलेला पोलो जोडीदाराशिवाय राहिला आणि २०१४ मध्ये मेला. ऑगस्ट २०२१ मध्ये जर्मनीहून थाबो आणि देंबा आले, तेव्हा १४ आणि ८ वर्षांचे हे दोन्ही नर एकत्र ठेवण्यासाठी आणले होते.