खालची पट्टी काय सांगते, आणि ती कोण लिहिते
आमचे मॅक्रो वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचे ग्राहक म्हणजे फोर्टातली वकिलांची कार्यालये, किल्ला कोर्टाच्या आसपासचे टंकलेखक आणि दादर-परळची डीटीपीची दुकाने. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखा दिसणाऱ्या अक्षरांत आणायचा, शब्द मोजायचे, परिच्छेद सारखे करायचे, अशा कामांसाठी आपण आमचे मॅक्रो, म्हणजे ही कामे आपोआप करणाऱ्या आज्ञांच्या छोट्या याद्या, घेतल्या आहेत. मोठी फाइल चालू असताना ‘मशीन हँग झालं’ म्हणून फोन येतो. फोन जरूर करा, पण त्याआधी खिडकीच्या अगदी तळाशी असलेली पट्टी, म्हणजे स्टेटस बार, एकदा वाचा. ‘परिच्छेद 1200 पैकी 400’ असे काही तिथे दिसत असेल आणि आकडा पुढे सरकत असेल, तर काम चालू आहे. चहा घेऊन या.

हा आकडा आपोआप येत नाही. मॅक्रोतली एक ओळ तो तिथे लिहिते. या पत्रकात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

वर्ड आणि एक्सेल

दोन्हीकडे आज्ञा एकच: ‘ॲप्लिकेशन.स्टेटसबार’, मग बरोबरचे चिन्ह, मग अवतरणचिन्हांत मजकूर. वागणूक मात्र वेगळी. एक्सेलमध्ये एकदा लिहिलेला मजकूर मॅक्रो संपल्यावरही तसाच राहतो, गाडी निघून गेल्यावरही तिचीच वेळ दाखवणाऱ्या फलाटावरच्या इंडिकेटरसारखा. पट्टी एक्सेलला परत द्यायची तर ‘ॲप्लिकेशन.स्टेटसबार = फॉल्स’ ही ओळ चालवावी लागते. आमच्या प्रत्येक मॅक्रोच्या शेवटी ती आहे, आणि मध्येच चूक झाली तरी काम त्या ओळीपर्यंत पोचेल अशी सोय केली आहे. इतर कोणाच्या मॅक्रोने पट्टी अडकवून ठेवली असेल तर ऑल्ट आणि एफ-11 दाबा, मग कंट्रोल आणि जी. जी चौकट उघडेल तीत हीच ओळ लिहून एंटर मारा.

वर्डमध्ये ही पट्टी फक्त लिहिता येते, वाचता येत नाही. आधी तिथे काय होते ते मॅक्रोला विचारता येत नाही, त्यामुळे ते जपून ठेवून परत लावण्याचा प्रश्नच येत नाही. काम झाले की आम्ही रिकामा मजकूर लिहितो आणि पुढचे वर्डवर सोडतो. पट्टीच गायब झाली असेल तर एखाद्या मॅक्रोने ती बंद केलेली असू शकते. त्याच चौकटीत ‘ॲप्लिकेशन.डिस्प्लेस्टेटसबार = ट्रू’ चालवून पाहा.

काही ग्राहक म्हणतात, आकडा शंभराशंभराने का उडतो, एकेकाने का वाढत नाही? मुद्दामच. दर परिच्छेदाला पट्टी नव्याने रंगवायची तर तिच्यातच वेळ जातो. आकडा पळताना बघायला बरा वाटतो, पण कोर्टाची वेळ गाठायची असते तेव्हा फाइल लवकर हातात आलेली बरी.

लिब्रेऑफिस

ज्यांच्याकडे वर्डऐवजी लिब्रेऑफिस रायटर आहे त्यांच्यासाठी व्यवस्था जरा नेटकी आहे. तिथे मॅक्रो खिडकीकडून एक ‘स्टेटस इंडिकेटर’ मागून घेतो. ‘स्टार्ट’ला मजकूर आणि एकूण संख्या द्यायची, ‘सेटव्हॅल्यू’ने प्रगतीची पट्टी पुढे न्यायची आणि ‘एंड’ने जागा सोडायची. ‘एंड’ राहून गेले तर पट्टी अर्धवट भरलेलीच राहते. अशा वेळी फाइल जतन करून खिडकी बंद करा आणि पुन्हा उघडा.

मोजणीचे काय

हा भाग नीट वाचा, कारण इथे पैशांचा संबंध येतो. पट्टीवरचा प्रत्येक आकडा एकाच गोष्टीचा नसतो. कोणी बाइट (संगणकातल्या साठवणीचे लहान एकक) मोजते, कोणी चिन्हे, कोणी डोळ्यांना दिसणारी अक्षरे. इंग्रजी मजकुरात हे तिन्ही बहुधा सारखेच येतात, म्हणून इंग्रजीवाल्यांना कधी प्रश्न पडत नाही. मराठीत ते फाकतात. ‘मुंबई’ आपल्याला तीन अक्षरे दिसतात. संगणकाकडे ती पाच चिन्हे आहेत (म, उकार, अनुस्वार, ब, ई) आणि यूटीएफ-8 या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे दर चिन्ह तीन बाइट घेत असल्याने बाइट पंधरा. ‘क्षत्रिय’ दिसायला तीन अक्षरी, पण चिन्हे आठ आणि बाइट चोवीस.

नोटपॅड++ या साधा मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रामच्या पट्टीवरची लांबी बाइटमध्ये असते आणि ओळ संपल्याच्या खुणाही तीत धरलेल्या असतात. त्या आकड्यावर कोणाला अक्षरांचे बिल लावू नका. पायथॉन स्क्रिप्ट हे प्लगइन (जोड-प्रोग्राम) बसवले की ‘नोटपॅड.सेटस्टेटसबार’ या आज्ञेने पट्टीच्या हव्या त्या कप्प्यात आपला मजकूर लिहिता येतो. आमची शब्दसंख्या आम्ही फाइलचा प्रकार दाखवणाऱ्या कप्प्यात टाकतो. नोटपॅड++ स्वतःची माहिती पुन्हा लिहिते तेव्हा ती पुसली जाते. तसे झाले तर मॅक्रो परत चालवा, बिघाड समजू नका.

विम हा कीबोर्डवरून चालणारा मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम वापरणारे आमच्याकडे थोडेच, पण तेच जास्त प्रश्न विचारतात. ‘सेट लास्टस्टेटस=2’ केले की पट्टी कायम दिसते; शून्य ठेवले तर कधीच नाही, आणि एक ठेवले तर दोन खिडक्या उघडल्यावरच. पट्टीवर काय यावे ते ‘स्टेटसलाइन’मध्ये टक्क्याच्या चिन्हापुढे अक्षर देऊन ठरते. धाकटा एफ म्हणजे फाइलचे नाव, धाकटा एल म्हणजे ओळ, थोरला एल म्हणजे एकूण ओळी. धाकटा सी स्तंभ दाखवतो, पण बाइटने. म्हणून ‘मुंबई’वरून कर्सर नेताना आकडे 1, 10, 13 असे उड्या मारतात. पडद्यावरचा स्तंभ हवा असेल तर सी ऐवजी व्ही. महिरपी कंसात ‘वर्डकाउंट’ हे फंक्शन घालून शब्दसंख्याही आणता येते, मात्र पट्टी रंगवताना दर वेळी ते नव्याने चालते. जाड फाइलमध्ये टाइप करताना अडखळायला लागले तर आधी तेच काढून बघा.

‘सुऱ्या’ सारख्या शब्दांचा आणखी एक घोळ आहे. हा अर्धा र काही कीबोर्ड एका पद्धतीने लिहितात, काही मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालून. छापून दोन्ही सारखेच येतात, पण पहिल्या पद्धतीत चिन्हे सहा आणि दुसऱ्यात सात. दोन टंकलेखकांच्या एकाच अर्जाच्या अक्षरसंख्येत फरक पडला तर लगेच कोणावर संशय घेऊ नका. आमचा सल्ला असा: दर शब्दांवर ठरवा. शब्द मोकळ्या जागेने तुटतात आणि ही भानगड तिथे येत नाही. मजकुराची मोजणी दाखवताना आमचे सर्व मॅक्रो पट्टीवर शब्दच दाखवतात, अक्षरे नाही. अक्षरसंख्या हवी असल्यास तसे सांगा, पण ती कशी मोजायची ते गिऱ्हाइकाशी आधी ठरवून घ्या.

मॅक्रो मध्येच थांबला आणि आकडा बराच वेळ हलला नाही, तर खिडकी बंद करण्याआधी पट्टीचा मोबाइलवर फोटो काढा आणि मूळ फाइलच्या प्रतीसोबत पाठवा. ‘परिच्छेद 400’ एवढे दिसले तरी कुठल्या शंभर परिच्छेदांत बघायचे ते आम्हाला कळते. अशिलाचे नाव-गाव असलेली कागदपत्रे असतील तर त्या आकड्यापासूनचे शंभर परिच्छेदच वेगळे काढून पाठवले तरी चालेल.