धुराचा रंग नंतर, वेळ आधी

निळा धूर म्हणजे ऑइल, काळा म्हणजे जास्तीचं इंधन, पांढरा म्हणजे पाणी. एवढं गॅरेजमधला कोणताही पोऱ्या सांगतो आणि ढोबळमानाने ते बरोबरच आहे. पण इंजिन उघडायचं की नुसती सील बदलून भागेल, हे रंगावरून कळत नाही. धूर नेमका कधी येतो, ते पाहावं लागतं.

ठाण्यात जानेवारीच्या सकाळी किंवा भर पावसात गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून वाफ येते, चार थेंबही गळतात. यात बिघाड काही नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. एक किलो सीएनजीतून तर सव्वादोन किलो. सायलेन्सर तापला की वाफ दिसेनाशी होते. इंजिन पुरतं गरम झाल्यावरही पांढरा धूर हवेत रेंगाळत असेल, वास गोडसर असेल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) पुन्हा पुन्हा भरावं लागत असेल, तर हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलबंद पट्टीवर, संशय घ्यावा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकतं. डिझेल गाडीत सकाळचा पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर बहुतेकदा न जळलेल्या डिझेलचा असतो. तिथे आधी हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना आत उष्णता देणारा प्लग, तपासा.

निळ्या धुरासाठी घोडबंदर रस्त्यावरचा गायमुख घाट कामाला येतो. पेट्रोल गाडी गिअरमध्ये ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतार उतरा. थ्रॉटल बंद असल्यामुळे इंजिनात जोराची ओढ तयार होते आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत जाऊ न देणारं रबर) ऑइल आत खेचलं जातं. उतार संपल्यावर पाय दिला की निळा लोट निघतो. तो मागच्या गाडीतल्या माणसाला पाहायला सांगा, आरशात नीट दिसत नाही. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी पहिल्या काही सेकंदांतच निळं टाकलं, तरी बोट सीलकडेच जातं. उलट, चढावर ताण आल्यावर सलग निळा धूर येत असेल तर दोष पिस्टनच्या रिंगांचा किंवा बोअरचा, म्हणजे पिस्टन वरखाली होतो त्या सिलिंडरच्या भिंतीचा. डिझेलमध्ये ही उताराची युक्ती फारशी चालत नाही, कारण तिथे तशी ओढ नसते. तिथे टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं, सील पाहावं लागतं. आणि कशालाही हात लावण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या खालच्या भागातले वायू पुन्हा आत जळायला सोडणारी झडप) बघा, डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर तर नाही ना तेही बघा. स्वस्तातली कारणं आधी संपवावीत.

काळ्या धुराबाबत एक जुना सल्ला अजून फिरतो: एअर फिल्टर चोंदलाय. कार्बोरेटरच्या काळात ते खरं होतं. आजची इंजेक्शनवाली पेट्रोल गाडी हवा मोजून तेवढंच इंधन सोडते. फिल्टर चोंदला तर पिकअप जातो, धूर सहसा येत नाही. म्हणून सेन्सर आणि गळका इंजेक्टर तपासा. डिझेलमध्ये फिल्टर आणि टर्बोचा फाटलेला होज अजूनही गुन्हेगार असतात. सीएनजीवर मात्र काजळी जवळजवळ धरतच नाही, कारण मिथेनच्या रेणूत कार्बनचा एकच अणू असतो. त्यामुळे सीएनजीवर चाललेली गरम गाडी धूर टाकत असेल, तर ऑइल किंवा कूलंट यांपैकीच काहीतरी जळतंय असं धरून चाला.

रंगाबद्दल खात्री नसेल तर सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर मिनिटभर पांढरा पुठ्ठा धरा. पाण्याचा डाग सुकून जातो, ऑइलचा तेलकट राहतो, काजळी बोटाने पुसली जाते. हे उघड्यावर करा, सोसायटीच्या बेसमेंटमध्ये नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मेकॅनिक रिंगा बदलायला सांगत असेल तर आधी कॉम्प्रेशन टेस्ट मागा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजून घ्या. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. जो सिलिंडर कमी दाखवेल त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चांगला चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. तिथेच राहिला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा, म्हणजे हेड उतरवूनच पाहावं लागेल.