घर नाही, लाइट बिल नाही: उघड्यावर झोपणाऱ्यांची मतदार नोंदणी

मुंबईत पुलाखाली, पनवेल स्टेशनाबाहेर, रत्नागिरीत एसटी स्टँडवर किंवा एखाद्या बंदराच्या शेडमध्ये रात्र काढणाऱ्या माणसाला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: ‘लाइट बिल आणा, भाडेकरार आणा.’ मतदार नोंदणीपुरतं हे उत्तर चूक आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार बेघर माणूस रात्री जिथे झोपतो, तोच त्याचा पत्ता. बीएलओने, म्हणजे मतदान केंद्राच्या भागातली मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने, एकापेक्षा जास्त रात्री तिथे जाऊन खात्री केली की रहिवासाचा वेगळा कागद लागत नाही.

पात्रता सगळ्यांसारखीच: भारतीय नागरिकत्व, वय 18 पूर्ण (1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै किंवा 1 ऑक्टोबर या अर्हता दिनांकाला) आणि त्या जागी सर्वसाधारण रहिवास.

‘गावाला घर आहे ना, तिकडेच नाव ठेवा,’ हे कोकणातल्या माणसाला हमखास ऐकवतात. सामाईक घरात वाटा असतो, घराला कुलूप असतं, माणूस मात्र वर्षभर मुंबईच्या फूटपाथवर. लोकप्रतिनिधित्व कायदा 1950 चं कलम 20 सांगतं की निव्वळ घर मालकीचं आहे म्हणून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. उलट, गणपतीला किंवा शिमग्याला चार दिवस गावी गेल्याने शहरातला रहिवासही तुटत नाही. फक्त गावच्या यादीत नाव आधीच असेल तर नव्या नोंदणीचा अर्ज, म्हणजे नमुना 6, भरू नका. तिथे स्थलांतराचा नमुना 8 लागतो. दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदा आहे आणि अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

नमुना 6 बीएलओकडे किंवा तहसीलच्या निवडणूक शाखेत विनामूल्य मिळतो. सोबत पासपोर्ट आकाराचा फोटो आणि जन्मतारखेचा पुरावा द्या. त्यासाठी आधार किंवा शाळेचं दहावीचं प्रमाणपत्र चालतं. आधार नसेल तर ‘आधार क्रमांक नाही’ असं अर्जातच नोंदवायची सोय आहे. तेवढ्यावरून अर्ज परत घेऊन जाऊ नका.

सगळ्यात जास्त काळजी पत्त्याच्या रकान्याची घ्या. ‘स्टेशनजवळ’ एवढंच लिहिलं तर कोणी सापडत नाही. पुलाची कोणती बाजू, कितवा खांब, समोरचं दुकान, रस्त्याचं नाव हे सगळं लिहा. सोबत वेगळ्या कागदावर ‘रात्री 10 नंतर इथे असतो’ असं लिहून जोडा आणि चालू असलेला मोबाइल नंबर द्या. पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अर्ज फसतात ते बहुधा पडताळणीत. बीएलओ दुपारी येऊन जातो, माणूस नाक्यावर कामाला गेलेला असतो, आणि शेरा पडतो: ‘आढळला नाही.’ दुसरं कारण पाऊस. जूनमध्ये उघड्यावरची जागा सोडून माणूस आडोशाला जातो. खलाशी 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत गावी जातात. म्हणून अर्ज पावसाळा संपल्यावर करा, किंवा नगरपालिकेच्या बेघर निवाऱ्यात राहत असाल तर तोच पत्ता द्या. निवाऱ्याच्या नोंदवहीतली नोंद आणि व्यवस्थापकाचं पत्र पडताळणीत फार उपयोगी पडतं.

तेच पत्र आधारसाठी नेऊ नका, तिथे ते चालत नाही. आधारला यूआयडीएआयचा, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाचा, ठरलेला प्रमाणपत्र नमुना लागतो. त्यावर राजपत्रित अधिकारी, आमदार, नगरसेवक किंवा मान्यताप्राप्त निवारागृहाचा प्रमुख सही करू शकतो. हे प्रमाणपत्र 3 महिनेच चालतं. मजुरी करून बोटांचे ठसे झिजले असतील तर नोंदणी केंद्रावर आधीच सांगा. डोळ्यांची बुबुळंही घेतली जातात. नवीन आधार नोंदणीला पैसे लागत नाहीत.

मतदार अर्ज नामंजूर झाला तर लेखी आदेश मागा. 15 दिवसांच्या आत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. तिथेही नकार आला तर 30 दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे. रात्रीची पडताळणी झालीच नसेल तर अपिलात पहिला मुद्दा तोच लिहा. चौकशीसाठी हेल्पलाइन 1950.

नाव आल्यावर ओळखपत्र कुठे घ्यायचं हे बीएलओशी आधीच ठरवा, कारण पुलाखाली पोस्टमन थांबत नाही.