आंबा घाट, अडीच टन आणि एक कोटी ज्यूल

आंबा घाटाच्या पायथ्याशी साखरप्याला चहाला थांबलो आणि दार उघडताच तो वास आला. चहावाला म्हणाला, "क्लचप्लेट गेली वाटतं." पण गाडी ऑटोमॅटिक होती आणि वास पुढच्या चाकांतून येत होता. माझ्या तो अगदी ओळखीचा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीचं (ओतकामाचं) काम करताना शेल कोअर, म्हणजे ओतीव पार्टच्या आतल्या पोकळीसाठी ठेवायचा वाळूचा गाभा, भाजायला लागला की हाच वास नाकात बसतो. कोअरची वाळू धरून ठेवायला फिनॉलिक रेझिन वापरतात आणि ब्रेक पॅडमधली भुकटी धरून ठेवायलाही त्याच जातीचं रेझिन असतं. म्हणजे भाच्याच्या नव्याकोऱ्या एसयूव्हीचे पॅड आंबा घाट उतरताना भाजून निघाले होते.

घाटाच्या माथ्यावरच मी म्हटलं होतं, "गिअर खाली घे." त्यावर तो म्हणाला, "मामा, काय टेन्शन घेऊ नका. फोर व्हील ड्राइव्ह हाय, हिल डिसेंट हाय, ब्रेक तर बघा की केवढं मोठं!" गाडी डी मध्ये ठेवून, ब्रेकवर पाय टेकवून तो खालपर्यंत उतरला. एवढी महागडी गाडी घेणाऱ्या बहुतेकांचा समज असाच असतो, म्हणून हा लेख.

ताकदवान एसयूव्हीबद्दल बोलताना सगळे इंजिनाचे आकडे सांगतात. लॅम्बोर्गिनी उरुसचं उदाहरण घेऊ. 2017 च्या डिसेंबरमध्ये ती जगासमोर आली. 650 अश्वशक्ती, शून्यापासून ताशी 100 किलोमीटरपर्यंत 3.6 सेकंदांत. हे आकडे पोरांना पाठ असतात. पण त्याच गाडीचा आणखी एक आकडा कंपनीने दिलाय, तो फारसा कुणी सांगत नाही: ताशी 100 वरून पूर्ण थांबायला 33.7 मीटर. शाळेतलं गतीचं समीकरण लावलं तर हे थांबणं अडीच सेकंदांच्या आत होतं. गाडी पळायला जितका वेळ घेते त्याहून कमी वेळात थांबते. सुमारे 2200 किलोची ती गाडी पहिल्या क्षणी ज्या दराने ऊर्जा गमावते तो दर निघतो जवळपास 700 किलोवॅट, म्हणजे 900 हून अधिक अश्वशक्ती. गाडीतलं सगळ्यांत ताकदवान यंत्र बॉनेटखाली नसतंच, ते चाकांच्या आत असतं.

ही ऊर्जा जाते कुठे? ऊर्जा नष्ट होत नाही, हे आपण आठवी-नववीत शिकलो. ब्रेक गतीची उष्णता करतो, बाकी काही करत नाही. माणसं आणि सामान धरून अडीच टनांची एसयूव्ही ताशी 100 ने चालली असेल, तर अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे साधारण साडेनऊ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत तीन लिटर गार पाणी उकळीपर्यंत येतं. वेग दुप्पट केला की बारा लिटर, कारण वेगाचा वर्ग होतो. एकदा ब्रेक मारला की एक पातेलं चहा, असा हिशोब डोक्यात ठेवावा.

सपाट रस्त्यावर एवढ्याने बिघडत नाही, दोन ब्रेकच्या मध्ये डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी आणि पॅड जिच्यावर घासतात ती तबकडी, गार होते. घाटाची गोष्ट वेगळी. समजा घाट 400 मीटर खाली उतरतो. वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची केलं की उत्तर येतं 98 लाख. एक कोटी ज्यूलच म्हणा! त्यातला पाव हिस्सा टायर आणि हवा खातील. उरलेला सगळा ब्रेकने खायचा ठरवला आणि चारही डिस्कचं लोखंड मिळून 40 किलो धरलं, तर हवेने काहीच गार केलं नाही असं मानल्यास त्यांचं तापमान साडेतीनशे अंशांहून जास्त चढतं. हवा गार करते हे खरं. पण घाटात वेग कमी, म्हणून वाराही कमी. शिवाय ही उष्णता एका झटक्यात येत नाही. वीस मिनिटांत घाट उतरलात, तर हजार वॅटच्या सहा इस्त्र्या वीस मिनिटं सलग डिस्कवर टेकवून ठेवल्यासारखं होतं.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घाटाच्या शेवटी एखादं वळण असतं, जिथे म्हणे "काहीतरी हाय". तिथे नारळ फुटतात, लिंबू पडलेले असतात. नवी गाडी जोतिबाला नेऊन पूजा करण्यात मलाही आनंद वाटतो, त्याला माझी हरकत नाही. पण ब्रेक तळाच्या वळणावर दगा देतात, कारण तिथे पोचेपर्यंत वरच्या सगळ्या वळणांची उष्णता डिस्कमध्ये साठलेली असते. ती जागा बाधिक नाही. आपण तिथे तापलेली गाडी घेऊन पोचतो. हे समजून न घेता चाकाखाली लिंबू ठेवून निर्धास्त होणं जिवावर बेतू शकतं.

आता डिस्ककडे वळतो, माझं प्रेम तिथे आहे. जगातल्या बहुतेक गाड्यांची ब्रेक डिस्क स्टीलची नसते, ती ग्रे आयर्नची असते, म्हणजे आपल्या बिडाची. कोल्हापूरच्या शेकडो फौंड्र्या जे ओततात तेच. कुणी म्हणेल, कोटीच्या गाडीला बीड? तर हो, आणि त्यामागे सुंदर कारण आहे.

बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो. चौदाशे अंशांच्या आसपास रस मोल्डमध्ये ओतला की थंड होताना त्यातला बराचसा कार्बन ग्रॅफाइट होऊन बाहेर पडतो, तोही पापुद्र्यांच्या आकारात. तुकडा घासून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की उजळ लोखंडात काळे वळवळते धागे दिसतात. ते धागे म्हणजे कापलेले पापुद्रे. ग्रॅफाइट आपल्या थरांच्या दिशेने लोखंडाच्या कितीतरी पट चांगली उष्णता वाहून नेतं. हे पापुद्रे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे आत उष्णतेचे रस्तेच तयार होतात. पृष्ठभागावर पॅड घासून तापलेली जागा क्षणात आतल्या लोखंडाला उष्णता देऊन टाकते. त्याच भट्टीतल्या रसात मॅग्नेशियम घालून एसजी आयर्न केलं तर ग्रॅफाइटचे गोळे होतात. ताकद वाढते, पण गोळे सुटे सुटे असतात, रस्ते तुटतात आणि उष्णता वाहणं कमी होतं. म्हणून जास्त मजबूत असूनही एसजी डिस्कला चालत नाही. पार्ट एफजीचा (पापुद्र्यांच्या बिडाचा) की एसजीचा, यावर फौंड्रीत सगळं काम फिरतं, ते या गोळ्या-पापुद्र्यांपायीच.

पापुद्र्यांचा दुसरा गुण कानाने कळतो. स्टीलचा तुकडा टांगून हातोडी मारा, टण्ण वाजत राहतो. बिडाचा तुकडा ठप्प करून गप्प होतो. कंपनं पापुद्र्यांच्या कडांशी जिरतात. ब्रेक किंचाळत नाही याचं बरंच श्रेय या गुणाला जातं. यात मॅट्रिक्सचाही भाग आहे. पापुद्र्यांच्या मधलं लोखंड पर्लाइट या कठीण रचनेचं असावं लागतं, फेराइट ही मऊ रचना जास्त झाली तर डिस्क लवकर झिजते. त्यासाठी मँगनीज, गंधक आणि ओतताना घातलेलं फेरोसिलिकॉन यांचा मेळ जमवावा लागतो. ज्यांना यात रस नाही त्यांनी हे एवढं सोडून पुढे यावं.

मोठ्या गाडीची पुढची डिस्क म्हणजे दोन तबकड्या आणि मध्ये पाकळ्या. चाक फिरलं की हा पंखा होतो. आतल्या बाजूने हवा ओढतो, बाहेर फेकतो. पाकळ्यांमधल्या या फटी वाळूच्या कोअरने तयार होतात. ओतताना कोअर दोन मिलिमीटर जरी सरकला तरी एक तबकडी जाड आणि दुसरी पातळ होते. मग दोन्ही सारख्या तापत नाहीत, डिस्क वाकते आणि स्टिअरिंग थरथरतं. आमच्याकडे असा पार्ट सरळ परत भट्टीत जातो.

उरुससारख्या गाडीला मात्र कार्बन सिरॅमिकच्या डिस्क असतात, पुढच्या तर 440 मिलिमीटर व्यासाच्या. कार्बनच्या धाग्यांच्या साच्यात वितळलेलं सिलिकॉन मुरवून त्याचं सिलिकॉन कार्बाइड करतात. वजन बिडाच्या जवळपास निम्मं, आणि बिडाला सोसवणार नाही एवढी उष्णता सोसण्याची ताकद. कॅलिपरला, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याला, दिलेल्या लाल-पिवळ्या रंगाचा मात्र थांबण्याशी काही संबंध नाही, तो नुसता रंग आहे.

डिस्क कशाचीही असो, कच्चा दुवा दुसरीकडेच आहे. पॅड तापून रेझिन जळायला लागलं की वायू सुटतो, पॅड आणि डिस्क यांची पकड ढिली पडते. त्याच्या मागे कॅलिपरमध्ये ब्रेक ऑईल असतं. नाव ऑईल असलं तरी ते तेल नव्हे, ग्लायकॉलच्या जातीचं द्रव्य आहे आणि ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 दर्जाचं नवं ऑईल 230 अंशांच्या खाली उकळता कामा नये, असं प्रमाण आहे. पण त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा 155 वर येते. गगनबावड्याकडचा पावसाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना हवेत किती पाणी असतं हे सांगायला नको. ऑईल उकळलं की वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल दाबलं तर फक्त वाफ दबते आणि पाय खाली जातो.

साखरप्याला आमचं नेमकं हेच झालं. घाट उतरताना पेडल ठीक होतं. चहा पिऊन निघालो आणि पहिल्याच ब्रेकला भाच्याचा पाय नेहमीपेक्षा दोन बोटं खाली गेला. तो दचकला. दोनदा पंप केल्यावर पेडल वर आलं. चालत्या गाडीत वारा लागतो. थांबलेल्या गाडीत डिस्कमधली उष्णता पॅडमधून, पिस्टनमधून सावकाश ऑईलपर्यंत पोचते. म्हणून धोका थांबल्यानंतरही वाढत असतो. त्याआधी तो बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला निघाला होता, त्याचा हात मी धरला. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की वरचा थर आकसतो, आतला आकसत नाही आणि तडा जातो. बीड ओढ सहन करत नाही. तेच पापुद्रे तिथे चिरांसारखे वागतात.

त्याचे तीन भरवसे मग परतीच्या वाटेवर एकेक करून काढले. फोर व्हील ड्राइव्ह चिखलातून निघायला उपयोगी, पण थांबायला चारही चाकं प्रत्येक गाडीत असतातच. हिल डिसेंट गाडी हळू ठेवतं ते ब्रेक लावूनच, फक्त पायाऐवजी कॉम्प्युटर लावतो, उष्णता तेवढीच. आणि मोठे ब्रेक अडीच टनांसाठी मोठे आहेत, त्यात फुकटची शिल्लक नाही. खालचा गिअर घेतला की चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिन पंप होऊन ती ऊर्जा खातं. तिथे रेडिएटर आहे, पंखा आहे, उष्णता काढायची सोय आहे. डिझेल-पेट्रोलचीही काळजी नको. गिअरमध्ये उतरताना आजकालची इंजिनं इंधन पूर्ण बंद करतात, न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहायला थोडं पीतच असतात.

ब्रेक ऑईल आणि पॅड बदलून घेतल्यावर पुढच्या महिन्यात त्याच घाटाने पुन्हा उतरलो. फौंड्रीतली टेम्परेचर गन मी सोबत घेतली होती. स्टिअरिंगमागची पट्टी ओढून त्याने दुसरा गिअर घेतला, इंजिनाचा आवाज चढला, आणि पूर्ण घाटात ब्रेक फक्त वळणांच्या तोंडाशी लागला. साखरप्याला मी गन डिस्कच्या गंजलेल्या कडेवर धरली, कारण चकचकीत भागावर ती खोटं कमी तापमान दाखवते. आकडा आला 118. वास नव्हता. भाचा आकड्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "मामा, ही गन आठवडाभर माझ्याकडं ठेवू का?"