कमी बनवलेली आणि कमी उरलेली: हॉट हॅचबॅक क्लासिक कशामुळे ठरते

आजच्या हॉट हॅचबॅक, म्हणजे साध्या छोट्या हॅचबॅकच्याच पण जास्त ताकदीच्या वेगवान आवृत्त्या, पुढे क्लासिक म्हणून जपल्या जातील का, असा विषय निघाला की कोणीतरी हमखास उत्पादनाचा आकडा पुढे करतो. अमुक मॉडेलच्या जगभरात पाचशेच गाड्या निघाल्या, डॅशबोर्डवर क्रमांकाची पट्टी आहे, तेव्हा ती क्लासिक होणार हे ठरलेलेच, असा हा युक्तिवाद असतो. मर्यादित आवृत्ती आणि क्लासिक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या गाड्यांचा इतिहास नीट पाहिला तर हा युक्तिवाद उलट दिशेने चालतो, आणि तरीही तो दर वेळी तितक्याच खात्रीने मांडला जातो.

जुन्या हॉट हॅचबॅकपैकी फोक्सवॅगनची पहिली गोल्फ जीटीआय आणि प्यूजोची २०५ जीटीआय या गाड्या या विषयात रस असणाऱ्यांना पाठ असतात, त्यामुळे त्यांची ओळख लांबवत नाही. १९७५च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात दिसलेली गोल्फ, तिचे १.६ लिटरचे ११० अश्वशक्तीचे इंजिन, चौकटीच्या कापडाच्या सीट आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ. १९८४ साली आलेली २०५ आणि वळणात अॅक्सिलरेटर अचानक सोडला की मागची चाके सरकवणारा तिचा स्वभाव. एवढी उजळणी पुरे.

आता या गाड्यांचे आकडे पाहावेत. फोक्सवॅगनने सुरुवातीला जेमतेम पाच हजार जीटीआय बनवायचे ठरवले होते. प्रत्यक्षात पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. २०५ जीटीआयसुद्धा लाखांच्या घरात विकली गेली. कारखान्यातून बाहेर पडताना या गाड्या अजिबात दुर्मीळ नव्हत्या. शिक्षक, विमा एजंट, नुकतीच नोकरी लागलेली मुले अशा साध्या लोकांनी त्या घेतल्या, रोज कामावर नेल्या, सुट्टीत सामान भरून डोंगरात पळवल्या. पुढे त्या तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हातात गेल्या, पत्रा गंजला, सुटे भाग निघून गेले, अनेक गाड्या झाडावर किंवा कठड्यावर आदळल्या. ब्रिटनमध्ये तर १९८०च्या दशकाच्या शेवटी अशा गाड्या चोरून रात्री रस्त्यांवर उडवण्याचे प्रमाण इतके वाढले की विम्याचे हप्ते तरुणांच्या आवाक्याबाहेर गेले आणि १९९२ साली या प्रकारच्या वाहनचोरीसाठी वेगळा कायदा करावा लागला. कवडीमोल झालेल्या गाड्या भंगारात गेल्या. ज्या उरल्या त्या आज मोलाच्या आहेत, आणि त्यांना मोल देणारे लोक म्हणजे ज्यांच्या घरात, शेजारी किंवा कॉलेजच्या आवारात ती गाडी एके काळी उभी असे ते लोक आहेत.

कमी बनवलेली गाडी आणि कमी उरलेली गाडी यांतला हा फरक आहे आणि सगळा घोळ इथेच होतो. कमी बनवलेल्या गाडीची टंचाई कंपनी ठरवते. कमी उरलेल्या गाडीची टंचाई वापरातून येते, आणि त्या वापरातच तिच्याविषयीची ओढ तयार झालेली असते. ओढीविना टंचाई असेल तर किंमत काही वर्षे चढेल, लिलावात नाव येईल, पण ती गाडी चालवलेली माणसेच नसतील तर वीस वर्षांनी ती शोधत कोण येणार?

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे रेनॉ क्लिओ विल्यम्स. १९९३ साली ही गाडी आली तेव्हा ३,८०० गाड्यांचीच मालिका निघेल असे सांगण्यात आले होते. गडद निळा रंग, सोनेरी चाके, दीडशे अश्वशक्तीचे दोन लिटरचे इंजिन आणि आत क्रमांक कोरलेली पट्टी. मागणी पाहून रेनॉने दुसरी आणि मग तिसरी मालिका काढली, एकूण संख्या बारा हजारांच्या पुढे गेली आणि पट्टीसाठी पैसे मोजलेले पहिले मालक रास्तपणे संतापले. तर्क असा होता की आता या गाडीचे महत्त्व संपले. प्रत्यक्षात क्लिओ विल्यम्स आज तिच्या काळातल्या सर्वोत्तम हॉट हॅचबॅकमध्ये गणली जाते, कारण तिचे पुढचे सस्पेन्शन, डाव्या-उजव्या चाकांमधले वाढवलेले अंतर आणि हलके वजन पट्टीवर अवलंबून नव्हते. पहिल्या मालिकेला थोडा जास्त भाव मिळतो, इतकाच त्या क्रमांकाचा परिणाम.

म्हणून मला नव्या गाड्यांच्या मर्यादित आवृत्त्यांबद्दल उत्साह वाटत नाही, आणि सीटवरचे प्लॅस्टिक न काढता वातानुकूलित गॅरेजमध्ये ठेवलेल्या गाड्यांबद्दल तर वाईट वाटते. २०१९ची रेनॉ मेगान आरएस ट्रॉफी-आर ही पाचशेच गाड्यांची आवृत्ती अप्रतिम यंत्र आहे. मागची सीट आणि मागच्या चाकांचे स्टिअरिंग काढून तिचे वजन घटवले आहे. पण तिचे नाव होईल ते ती जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या शर्यतीच्या मार्गावर आणि डोंगरी रस्त्यांवर पळवली गेली म्हणून. तिच्यातल्या ज्या गाड्या न चालवता जपल्या जात आहेत, त्या या कीर्तीत काहीच भर घालत नाहीत.

ताकद, वजन आणि सुरक्षितता हे मुद्दे मी थोडक्यात सोडतो. पहिली गोल्फ जीटीआय सुमारे ८१० किलोची होती, टोयोटा जीआर यारिस साधारण १,२८० किलोची आहे आणि तिची ताकद दुपटीहून जास्त आहे. नवी गाडी जड आणि वेगवान आहे, जुनी हलकी आणि बोलकी आहे. हा फरक खरा आहे, मात्र त्यावर काही ठरत नाही.

ठरते ते दुसऱ्या प्रश्नावर: पन्नास वर्षांनी ती गाडी दुरुस्त करता येईल का? जुन्या जीटीआयमधील बॉशची के-जेट्रॉनिक ही इंजिनाला पेट्रोल पुरवणारी इंजेक्शन प्रणाली पाहा. इंजिन हवा ओढते तेव्हा एक गोल पाते उचलले जाते, ते तरफेने एका प्लंजरला, म्हणजे दट्ट्याला, वर ढकलते, प्लंजरमुळे वितरकातल्या बारीक फटी उघडतात आणि पेट्रोल चारही इंजेक्टरकडे सतत जात राहते. पेट्रोल मोजण्याच्या या कामात संगणक नाही. दाब मोजायचे मीटर आणि संयम असलेला मेकॅनिक बिघाड शोधून काढू शकतो, आणि झिजलेला भाग लेथवर बनवताही येतो. आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, दिवे आणि डॅशबोर्डवरचा स्क्रीन यांची वेगवेगळी संगणकीय नियंत्रणे, म्हणजे मॉड्यूल, एकमेकांशी बोलत असतात. अनेक कंपन्यांच्या गाड्यांमध्ये भंगारातल्या गाडीचे तेच मॉड्यूल आणून बसवले तरी कंपनीच्या संगणकावरून त्याचे कोडिंग, म्हणजे त्या गाडीशी त्याची ओळख जुळवणे, झाल्याशिवाय ते काम करत नाही. नव्या गाडीचा पत्रा गंजाने सहसा जाणार नाही, कारण जस्ताच्या लेपाने तो प्रश्न बराच सुटला आहे. ती जाईल ती एखादे मॉड्यूल मिळाले नाही म्हणून, किंवा ते मिळूनही ओळखले गेले नाही म्हणून.

दुरुस्तीचा हा प्रश्न सगळ्याच नव्या गाड्यांपुढे आहे; वापरातून येणाऱ्या ओढीच्या कसोटीवर त्यांतून निवड करायची तर माझी पसंती ठाम आहे. जीआर यारिस पहिली. जागतिक रॅलीत उतरणाऱ्या गाडीला मान्यता मिळावी म्हणून तिचा तीन दरवाजांचा वेगळा सांगाडा, कार्बन फायबरचे छत आणि चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा तयार झाली. ज्या रॅली गाडीसाठी हे सगळे केले ती शर्यतीत उतरलीच नाही, पण रस्त्यावरची जीआर यारिस लोक मनापासून चालवतात. दुसरी फोर्ड फिएस्टा एसटी, जिचे उत्पादन २०२३ साली फिएस्टाबरोबरच थांबले. ती स्वस्त होती, भरपूर विकली गेली आणि नव्या चालकांच्या हाती आहे, म्हणजे २०५ ज्या वाटेने गेली त्याच वाटेवर आहे. तिसरी ह्युंदाई आय२० एन. यांतील मॅन्युअल गिअरच्या गाड्याच घ्याव्यात. आठव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयला मात्र मी या यादीत घेणार नाही. स्टिअरिंगवरची स्पर्शाची बटणे कंपनीला स्वतःच मागे घ्यावी लागली आणि त्याच सुधारित आवृत्तीत मॅन्युअल गिअरबॉक्स गेला.

आपल्याकडेही या प्रकारची एक गाडी बनत होती, हे पुण्याच्या वाचकांनाही फारसे आठवत नाही. २०१५ साली रांजणगावच्या कारखान्यातून १.४ लिटर टर्बो इंजिनाची, १४५ अश्वशक्तीची फियाटची अबार्थ पुंटो निघाली आणि दहा लाखांच्या आसपास मिळत होती. फार थोड्यांनी ती घेतली, आणि ज्यांनी घेतली ते ती अजून हौसेने चालवतात. २०२५ साली पन्नास लाखांच्या वर किंमत असलेल्या गोल्फ जीटीआय आयात झाल्या, त्यांच्यापेक्षा मी या पुंटोला जवळची मानतो. अडचण कायद्याची आहे. जर्मनीत तीस वर्षांची गाडी ऐतिहासिक क्रमांकाला पात्र ठरते. आपल्या नियमांत व्हिंटेज नोंदणीसाठी पन्नास वर्षे लागतात. मधल्या काळात ती कशी टिकवायची हा प्रश्न मालकावरच पडतो.

टोयोटा आणि फोक्सवॅगनसारख्या कंपन्यांचे जुन्या गाड्यांचे विभाग सध्या रबर, बिजागऱ्या, इंधनाच्या नळ्या असे भाग पुरवतात आणि त्यांचे हे काम मोलाचे आहे. नियंत्रणाची मॉड्यूल आणि ती कोड करण्याची मुभा स्वतंत्र गॅरेजना देण्याचे काम याच विभागांनी हाती घेतले, तर २०५च्या शेजारी यारिस उभी करायला माझी हरकत उरणार नाही. तोपर्यंत जीआर यारिस घेणाऱ्याला माझा आग्रह एवढाच आहे की ती चालवावी, आणि इंजिन चालवणारा मूळ संगणक म्हणजे ईसीयू बदलून ताकद वाढवणारा ट्यूनिंगचा लावला तर काढलेला ईसीयू विकू नये.