स्लॅब वाळत नाही

उन्हाळा लागला की इंदुरात बांधकामं निघतात, आणि लोकमान्य नगरपासून सुदामा नगरपर्यंत एकच वाक्य कानावर येतं: "ऊन कडक आहे, स्लॅब लवकर वाळेल." मला हे वाक्य फार खटकतं. काँक्रीट वाळून घट्ट होतच नाही. ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं, म्हणून तर नदीच्या पाण्याखाली भरलेला पुलाचा पायाही कडक होतो.

सिमेंट म्हणजे चुनखडी आणि माती सुमारे 1450 अंश सेल्सिअसला भाजून, थोडं जिप्सम घालून दळलेली पूड. तिचा मुख्य घटक ट्रायकॅल्शियम सिलिकेट. पाणी लागताच त्याचे कण वरून विरघळू लागतात, काही मिनिटं प्रक्रिया जोरात चालते आणि मग जवळजवळ थांबते. तास-दोन तासांचा हा विसावा मला साऱ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. तो नसता तर माल घमेल्यातच दगड झाला असता. प्रक्रिया नेमकी का थबकते, यावर संशोधकांत आजही वाद आहे.

मग कणांभोवती कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, म्हणजे सी-एस-एच, उगवू लागतं. त्याचे तंतू आणि पापुद्रे बाभळीच्या काट्यांच्या कुंपणासारखे एकमेकांत अडकतात. नर्मदेची वाळू आणि माळव्याची काळी गिट्टी त्यात जखडली जाते. पाणी इथे उडून जात नाही, घन पदार्थाचाच भाग होतं. सोबत कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं. त्यामुळे सामू 12.5च्या वर राहतो आणि आतली सळई गंजापासून वाचते.

यात उष्णताही निघते. 50 किलोच्या एका पोत्यातून महिनाभरात निघणारी उष्णता साधारण 50 लिटर पाणी उकळीला आणेल. अमेरिकेतल्या हूवर धरणात काँक्रीट भरताना आत नळ्या घालून गार पाणी खेळवावं लागलं. एरवी ते थंड व्हायला शंभराहून अधिक वर्षं लागली असती.

आता आपल्या मे महिन्याकडे या. काँक्रीटच्या आतली सापेक्ष आर्द्रता 80 टक्क्यांच्या खाली गेली की सी-एस-एच बनणं जवळपास बंद पडतं. वरचा थर अर्धवट राहतो, भुकटी सुटते, भेगा पडतात. दृष्ट लागू नये म्हणून बांधकामावर काळी बाहुली टांगतात. भेग पडते ती ओल उडाल्यानं, आणि तिच्यावर इलाज तराईचाच, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्याचा. स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे छोटे बांध घालून क्यारे करा, पाणी भरून ठेवा. आयएस 456 हे भारतीय मानक उष्ण, कोरड्या हवेत किमान 10 दिवस सांगतं.

घरासाठी हल्ली बहुधा पीपीसी येतं, म्हणजे औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळलेलं सिमेंट. ही राख त्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी सावकाश संयोग पावून आणखी सी-एस-एच बनवते, म्हणून त्याला 14 दिवस पाणी द्यावं. तोवर मिस्त्री दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. नळी घरच्यांनीच हातात घ्यायची, सकाळ-संध्याकाळ.