बर्फ, पाऊस आणि चाचणीची तारीख

जुलैत रात्रभर कोसळला की वांगणीचा पेशंट पहाटे उठून आधी लोकल चालू आहे का ते बघतो. खारघरला ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात, आज त्याची तारीख असते. नेहमीच्या उपचारात तारीख दोन दिवस पुढे गेली तर डॉक्टर बघून घेतात. क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या पेशंटांवरच्या चाचणीत, तसं नसतं. तिथे प्रत्येक भेटीला 'विंडो' असते, म्हणजे ठरलेल्या दिवसाच्या मागेपुढे मोजके दिवस. ती हुकली की कागदावर 'डेव्हिएशन', म्हणजे ठरलेला नियम मोडल्याची नोंद, लागतं.

आपल्याकडे जे पाऊस करतो, ते अमेरिकेत बर्फ करतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात हिवाळी वादळ आलं, लाखो घरांची वीज गेली, ह्यूस्टनमध्ये कॅन्सरच्या पेशंटांच्या तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. त्याच आठवड्यात मेम्फिसचं फेडेक्स या कुरिअर कंपनीचं मोठं केंद्र बर्फामुळे विस्कळीत झालं. देशभरात कोविड लसीचे साठेक लाख डोस रखडले. ट्रायलमधल्या रक्ताच्या नळ्या आणि २ ते ८ अंशांत ठेवायची औषधंही अशाच कुरिअरने फिरतात.

विंडोचा एवढा हट्ट का? आजार वाढला ही तारीख पेशंटला त्रास झाला त्या दिवशी धरली जातेच असं नाही, बहुतेकदा ती स्कॅनमध्ये वाढ दिसली त्या दिवसाची धरतात. स्कॅन तीन आठवडे लांबला तर आजार तीन आठवडे उशिरा वाढल्याची नोंद होते आणि औषध आहे त्यापेक्षा गुणकारी वाटू लागतं. चाचणीत ज्या दोन गटांची तुलना असते, त्यांपैकी एकाच गटातले लोक जास्त अडकले, तर निकालच कलतो. पेशंटला ही अडवणूक वाटते, पण हिशेब खरा आहे.

अमेरिकेत १९५५ पासून कॅन्सरच्या औषधांच्या चाचण्यांसाठी अनेक रुग्णालयांचे गट उभे राहिले. एका रुग्णालयात पुरेसे पेशंट मिळत नव्हते, म्हणून लांबलांबून लोक घेतले, आणि हवामान आपोआप चाचणीत शिरलं. १९९६ चे जीसीपी, म्हणजे चाचणी नीट कशी करावी याचे आंतरराष्ट्रीय नियम, पेशंटला तातडीचा धोका असेल तर परवानगीआधीच प्रोटोकॉल (चाचणीचा ठरलेला आराखडा) सोडायची मुभा देत होते, पण गाडीच बंद पडलेल्या माणसाचं काय, याचं सोपं उत्तर त्यात नव्हतं.

२००५ साली २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. साधारण महिन्याभराने कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं. तिथले पेशंट इतर राज्यांत पांगले, कागदी केसपेपर पाण्यात गेले. डोळे तेव्हाच उघडायला हवे होते, पण नियम खरे हलले ते २०२० च्या कोविडमध्ये. फोनवर भेट, घराजवळच्या लॅबमध्ये रक्त, गोळ्या कुरिअरने घरी. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, मोठ्या आपत्तीत चाचणी कशी चालवावी याचं मार्गदर्शनच काढलं.

गोळ्यांचं निभतं. सलाइनमधून द्यायची केमो मात्र घरी पोचत नाही. ४ जून २०२१ ला ॲक्ट्रेकमध्ये भारतातली पहिली कार-टी ही कॅन्सरवरची उपचारपद्धती दिली गेली. त्यात पेशंटच्याच रक्तातल्या पेशी काढून, बदलून परत द्यायच्या असतात. त्या पेशी प्रवासात अडकल्या तर बदली माल नसतो.

म्हणूनच जूनच्या पहिल्या भेटीत ट्रायलच्या तारखा सांभाळणाऱ्या कोऑर्डिनेटरला विंडोची शेवटची तारीख विचारून ती फाइलच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेली बरी. बदलापूर-वांगणीच्या मधे २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, ते त्या बाजूच्या कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.